भरताना हळू, धुताना जोरात: ठिबकाच्या लाइनीतली हवा आणि गाळ काढायची रीत

जानेवारीत ताण तोडायची वेळ आली की आमच्या वरूड-मोर्शीकडे माझा फोन खिशात राहत नाही. आंबिया बहारासाठी संत्र्याचं पाणी महिना-दीड महिना तोडलेलं असतं, झाडं पानं मुरडून उभी असतात, पहिलं पाणी सोडायचा दिवस ठरलेला असतो आणि तेवढ्यात कोणीतरी विचारतं, "भाऊ, मोटार चालू हाये, काटाबी वर हाये, पन शेवटच्या तासाले पानी कायले येऊन नाही राह्यलं?"

बहुतेक वेळा उत्तर ठरलेलं असतं. लाइनीत हवा बसलीय आणि तिच्या मागे गाळ अडकलाय. ताणानंतरचं पहिलं पाणी सगळ्या झाडांना सारखं लागतं. पुढच्या तासांना, म्हणजे झाडांच्या ओळींना, पोटभर आणि मागच्यांना चूळभर मिळालं, तर फुटवा मागेपुढे, फुलं मागेपुढे आणि मग फवारणी कोणत्या तासाचं पाहून करायची तेच कळत नाही. म्हणून हे काम पहिल्या पाण्याच्या आधी करायचं. पावसाळा संपून ऑक्टोबरात ठिबक चालू करतानाही हीच रीत.

पाइपात हवा शिरते कुठून, ते आधी बघू. मोटार बंद झाली की लाइनीतलं पाणी उताराकडे ओघळतं. आमची जमीन सातपुड्याच्या पायथ्याची, एकाच वावरात दोन चढ आणि एक नाला. पाणी खालच्या ड्रिपरांतून निथळून जातं आणि वरचा पाइप रिकामा होतो, म्हणजेच हवेने भरतो. पुन्हा मोटार लागली की पाणी त्या हवेला ढकलत नेतं, पण उंचवट्यावर हवा अडून बसते. पाइपाचा वरचा अर्धा भाग तिने धरलेला असतो, पाणी खालच्या अर्ध्यातून वाट काढतं. काटा दाब दाखवतो, पाणी मात्र पुढे सरकत नाही. दाब आहे म्हणजे पाणी आहे, असं समजणारे इथेच फसतात.

त्यात आपली लाइट. ती एका तासात तीनदा जाते, आणि ऑटो स्विच लावलेला असला तर आली की मोटार आपोआप पूर्ण जोरात सुरू होते. रिकाम्या पाइपात पूर्ण जोराचं पाणी शिरलं की पुढची हवा दाबली जाते, मग एखाद्या बेंडापाशी पाणी जाऊन आदळतं आणि चार किलो दाबाचा पाइप जोडातून निखळतो. मग दोष जोड चिकटवायच्या सोल्यूशनला आणि पाइपाच्या कंपनीला. सोल्यूशन बिचारं ठीकच असतं. हवा काढण्याचं काम करताना ऑटो आधी बंद करा, आणि शक्य असेल तर बागेच्या मोटारीवरून तो कायमचाच काढा.

सुरुवात लाइनीवरून पायी चालत जाण्यापासून. मेन पाइप कुठून गेला हे घरातल्या कोणाला तरी आठवत असतं, पण उंचवटा नेमका कुठे आहे ते डोळ्यांना दिसत नाही. काळ्या मातीत तर मुळीच नाही, कारण उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसात फुगते आणि दोन-चार वर्षांत पाइप कुठे वर उचलला जातो, कुठे खाली बसतो. गवंड्याकडची पारदर्शक लेव्हलची नळी आणा, धुऱ्याधुऱ्याने दोघांनी धरून बघा. जिथे जमीन चढून पुन्हा उतरते तिथे खूण म्हणून काडी रोवा. नाला ओलांडताना पाइप पुलावरून उंच घेतला असेल तर ती जागा न मोजता पहिली. हवा तिथे असतेच.

या प्रत्येक जागी एअर व्हॉल्व्ह पाहिजे. शिवाय हेडवर, म्हणजे मोटारीजवळ लाइन सुरू होते तिथे, फिल्टरच्या पुढे एक आणि प्रत्येक सबमेनच्या (मेनमधून नळ्यांकडे जाणाऱ्या फाट्याच्या) चावीनंतर एक. सबमेनवरचा हा व्हॉल्व्ह लोक पैसे वाचवायला गाळतात, आणि माझ्या मते ठिबकाचं सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. मोटार बंद झाल्यावर पाणी उताराला ओढलं जातं, मागे पोकळी तयार होते, आणि हवा आत यायला दुसरी वाट नसली तर ड्रिपरच तोंडापुढचा चिखल आत ओढून घेतो. एअर व्हॉल्व्ह दोन्ही कामं करतो: भरताना हवा बाहेर सोडतो, रिकामं होताना आत घेतो. सर्व्हिस सॅडल (पाइपावर आवळायची पकड) लावून एक इंची व्हॉल्व्ह उभा बसवा, आडवा नको, कारण आतला गोळा उभ्यातच नीट वर-खाली होतो.

असलेले व्हॉल्व्हही एकदा उघडून बघा. आत रेतीचा कण अडकला तर गोळा नीट बसत नाही आणि पाणी गळत राहतं. मग कोणीतरी चिंधी कोंबून वरून तार आवळतो. पाणी थांबतं, पण व्हॉल्व्हही मेला. दुसरी कुंभारीण माशी: ताणाच्या काळात पाणी बंद असलं की ती व्हॉल्व्हच्या तोंडात मातीचं घर करते. बारीक काडीने कोरून काढा, धुवून घ्या आणि गोळा हाताने हलवून बघा.

काही जण म्हणतात, व्हॉल्व्हला कशाला खर्च, उंचवट्यावर उभा पाइप लावून वर उघडा ठेवू. पाटाला पाणी सोडायच्या कमी दाबाच्या लाइनीत ते चालतं. ठिबकाला मात्र एक किलोचा दाब लागतो, म्हणजे दहा मीटर पाणी उभं राहील इतका. पाइप तेहतीस फुटांहून उंच उभारायचा असेल तर करा बापा.

आणखी एक गोष्ट आधीच तपासा, नाहीतर दिवसभर हवा काढाल आणि ती येतच राहील. विहिरीवर मोनोब्लॉक असेल तर सक्शनच्या (पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या) जोडातून, दांड्याभोवतीच्या ग्लँडातून किंवा तळाच्या गळक्या फूटवॉलमुळे मोटार हवा धरते. अशी मोटार सुरू असताना काटा थरथरत राहतो आणि आवाज खरबरा येतो. आपल्याकडे यावर शेणकाला ओतायची जुनी सवय आहे. फटी बुजतात हे खरं, पण तोच काला पुढे ठिबकात जातो. पाटपाण्याच्या काळात ते खपून गेलं. आता फूटवॉलचा वायसर बदला. बोअर असेल आणि उन्हाळ्यात ती झटके मारत असेल तर पाण्याची पातळी पंपापर्यंत उतरलीय. तिथे चावी थोडी दाबून पाणी कमी उचला. लाइनमनने खांबावर काम केल्यानंतर पाणी अचानक कमी झालं असेल, तर मोटार उलटी फिरतेय का बघा. दोन फेज अदलाबदल झाले की मोटार फिरते, पाणीही थोडंफार देते, आणि माणूस हवा शोधत बसतो.

आता खरं काम. सगळ्या सबमेनच्या चाव्या बंद करा. मेन लाइनीच्या अगदी शेवटी फ्लश व्हॉल्व्ह असतो, तो पूर्ण उघडा. नसेल तर बसवल्याशिवाय पुढे जाऊ नका, शेवट बूच मारून बंद असलेली लाइन धुता येत नाही. फिल्टर आधी उघडून जाळी ब्रशने धुवा. मग हेडची मुख्य चावी पाव उघडी ठेवून मोटार लावा. जास्तीचं पाणी बायपासने विहिरीत परत जाऊ द्या.

भरताना घाई नको. नव्वद मिलिमीटरच्या पाइपात मीटरला साधारण साडेपाच ते पावणेसहा लिटर पाणी मावतं. तीनशे मीटरची लाइन असेल तर जवळपास सतराशे लिटर. पाण्याचा वेग सेकंदाला फूटभर ठेवला तर शेवटापर्यंत पोचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. तेवढी द्या. या काळात व्हॉल्व्हपाशी उभं राहिलात तर आधी नुसता फुसफुस वारा येतो, मग थुंकल्यासारखे पाण्याचे शिंतोडे, मग टक करून गोळा वर बसतो आणि आवाज थांबतो. पुढच्या उंचवट्यावर जा आणि तेच ऐका. मोबाइल वाजवत बसू नका, हे कानाचं काम आहे.

शेवटच्या तोंडातून धार अखंड यायला लागली की बरेच जण चावी बंद करतात आणि काम झालं म्हणतात. अर्धंच झालेलं असतं. हळू भरलं तेव्हा मोठी हवा निघून गेली, पण उतरत्या भागात चिकटलेले बुडबुडे आणि तळाचा गाळ तिथेच आहे. पाणी संथ असेल तर बुडबुडा प्रवाहाबरोबर खाली जात नाही, उलट वर चढून पुन्हा उंचवट्यावर बसतो. त्याला फरफटत न्यायला वेग लागतो.

माझा भाचा पुण्यात एसीचं काम करतो, त्याने सांगितलेली गोष्ट इथे जुळते. थंड मुलखात घरं ऊबदार ठेवायला जमिनीत प्लास्टिकच्या नळ्यांची लांबच लांब वेटोळी पुरतात, त्यांतून पाणी फिरवून जमिनीची ऊब घरात आणतात आणि उन्हाळ्यात घरातली उष्णता जमिनीत सोडतात. ती यंत्रणा चालू करायच्या आधी नळ्यांतली हवा काढावीच लागते, आणि त्यांचा ठरलेला नियम आहे: प्रत्येक नळीत पाणी सेकंदाला किमान दोन फूट वेगाने धावलं पाहिजे. त्याखाली कितीही वेळ पंप चालवला तरी हवा हलत नाही. त्यासाठी ते वेगळा दांडगा पंप आणतात, कारण रोजच्या छोट्या पंपात तो जोर नसतो. आपल्याकडे पाच एचपीची मोटार आधीच बसलेली आहे, म्हणून आपलं काम सोपं.

तेव्हा आता मुख्य चावी हळूहळू पूर्ण उघडा, बायपास बंद करा आणि शेवटच्या तोंडाशी दोनशे लिटरचा ड्रम ठेवा. नव्वदच्या पाइपात दोन फुटांचा वेग आला म्हणजे तो ड्रम एका मिनिटात भरतो. पंचाहत्तरचा पाइप असेल तर दीड मिनिटात, त्रेसष्टचा असेल तर दोन मिनिटांत. यापेक्षा जास्त वेळ लागला तर लाइनीत अजून अडथळा आहे किंवा फिल्टर पुन्हा भरलाय. फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा काटा बघा, दोघांत अर्ध्या किलोपेक्षा जास्त फरक असेल तर मोटार बंद करून जाळी परत धुवा.

निघणारं पाणी पारदर्शक बाटलीत भरून उन्हात धरा. यातून बरंच कळतं. पाणी दुधासारखं पांढुरकं दिसलं आणि बाटलीच्या तळापासून वरवर निवळत गेलं, तर ती बारीक हवा आहे. वरून खाली निवळलं आणि तळाला काही साचलं, तर गाळ. दोन्ही दिसेनासं होईपर्यंत चालू द्या. आमच्याकडे आधी चहासारखं तांबूस पाणी येतं, त्यात शेवाळाच्या काळ्या चिंध्या, मग पांढरा क्षाराचा चुरा, जो बोटांत चोळला की खडूसारखा लागतो. खारपाणपट्ट्यात, अकोला-दर्यापूरकडे, पाणीच क्षाराचं. तिथल्या लोकांनी हे काम आमच्यापेक्षा जास्त वेळा करायला पाहिजे.

शेवटची चावी बंद करताना मनात वीस आकडे मोजत हळू फिरवा. पाणी पूर्ण वेगात असताना चावी झटकन बंद केली तर तो दणका मागे जाऊन पाइप फोडतो.

हवा खरंच गेली का, याची परीक्षा आहे. भाच्याची माणसं परतीची चावी बंद करून पंप चालू ठेवतात आणि टाकीतली पातळी बघतात. पातळी खाली गेली तर नळीत हवा आहे, कारण पाणी दबत नाही, हवा दबते. आपल्याकडे टाकी नाही, म्हणून उलट करायचं. शेवट बंद, लाइन दाबाखाली. मग हेडची चावी बंद करा, मोटार थांबवा, आणि लाइनीच्या शेवटाशी उभ्या माणसाला तिथली चावी थोडी उघडायला सांगा. लाइनीत नुसतं पाणी असेल तर एक पिचकारी उडून धार लगेच पडते. हवा असेल तर ती दाबून बसलेली असते, सुटली की धार बराच वेळ थुंकत, फुसफुसत जोराने येत राहते. लाइनीचा शेवट खूप उतारावर असेल तर ही परीक्षा फसवते, कारण पाणी नुसत्या उतारानेही वाहतं. तिथे चालू मोटारीवर काटा बघा. थरथरला की हवा, स्थिर राहिला की गेली. शिल्लक असेल तर पुन्हा जोराने धुवा, आणि धुताना शेवटची चावी अर्धी दाबून परत उघडा. दाब हलला की अडकलेला बुडबुडा जागचा उठतो.

आता सबमेन. एकावेळी एकच, तिचाही शेवटचा फ्लश उघडून, तसंच आधी हळू मग जोरात. सगळ्या सबमेन एकदम उघडल्या तर एकीलाही वेग मिळत नाही. क्रम कधी उलटा करू नका. फिल्टर, मेन, सबमेन आणि सगळ्यात शेवटी नळ्या. आधी नळ्या धुतल्या तर मेनचा गाळ नंतर त्यांच्यातच येऊन बसेल.

सोळा मिलिमीटरच्या, ड्रिपर बसलेल्या नळ्यांची आठच्या आकड्यासारखी एंड कॅप काढा, पाच-सहा नळ्यांची एकदम, जास्त नाही. लिटरची बाटली धरा. वीस सेकंदांत भरली तर वेग पुरेसा आहे. चाळीस लागले तर उघडलेल्या नळ्या कमी करा. एखादी नळी एकटी सोडूनही जोर धरत नसेल तर ती मध्ये कुठेतरी खारीने कुरतडली आहे किंवा ट्रॅक्टरच्या चाकाखाली दबली आहे. धुतलेल्या नळीची टोपी लगेच लावा, उघड्या तोंडातून मुंग्या आत जातात.

हे सगळं झाल्यावर ड्रिपर मोजा. पहिल्या आणि शेवटच्या झाडाखाली वाटी ठेवा, तीन मिनिटं. ताशी चार लिटरचा ड्रिपर असेल तर वाटीत दोनशे मिलिलिटर यायला पाहिजेत. शेवटच्यात थोडं कमी असणारच, पण दीडशेवर आलं असेल तर क्षाराने तोंड धरलंय आणि नुसतं धुऊन भागणार नाही. तिथे आम्ल सोडावं लागतं.

आम्लाबद्दल थोडक्यात सांगतो, पण हे मन लावून वाचा. बाजारातलं हायड्रोक्लोरिक आम्ल घेतात. आपल्या विहिरीच्या एक लिटर पाण्यात थेंबाथेंबाने टाकून पीएच कागदावर चार येईपर्यंत किती लागलं ते सिरिंजने मोजा. प्रत्येक विहिरीचं वेगळं येतं, शेजाऱ्याचं माप उसनं घेऊ नका. समजा लिटरला एक मिलिलिटर लागलं, आणि तुमच्या त्या भागातून ताशी पाच हजार लिटर पाणी वाहतं, तर पंधरा मिनिटांत साडेबाराशे लिटर होतं, म्हणून सव्वा लिटर आम्ल. व्हेंचुरीतून (आम्ल ओढून लाइनीत सोडणाऱ्या जोडणीतून) ते पंधरा मिनिटांत सोडा, शेवटच्या ड्रिपरपाशी कागद लावून चार आलंय का बघा, मोटार बंद करा आणि चोवीस तास तसंच राहू द्या. दुसऱ्या दिवशी सगळ्या नळ्या पुन्हा धुवा. बादली प्लास्टिकची, हातमोजे, चष्मा, वारा पाठीमागून. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. आणि शेवाळासाठी ब्लीचिंग पावडर वापरली असेल तर ती पूर्ण धुतल्याशिवाय आम्लाजवळ आणू नका. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू निघतो, आणि तो माणूस मारतो.

लाइट रात्रीची असेल तर हे काम त्या आठवड्यात करूच नका. टॉर्चच्या उजेडात बाटलीतलं पाणी कळत नाही, ओल्या हाताने स्टार्टरला हात लागतो, आणि पाणी सुटलं की उंदरामागे सापही तासात येतो. दिवसा लाइट येईल त्या आठवड्याची वाट बघा.

नंतर हंगामभर दर पंधरा दिवसांनी नळ्यांची टोकं उघडून मिनिटभर सोडली की पुरतं. शेततळ्याचं पाणी असेल तर दर आठवड्याला, आणि सँड फिल्टरला उलटं पाणी देऊन. मेनचं काम वर्षातून दोनदा. रोज मोटार लावताना मात्र मुख्य चावी आधी पाव उघडी, आणि एअर व्हॉल्व्हचा वारा थांबला की मग पूर्ण. सालदाराला ही एवढी सवय लावा. तो पहिल्यांदा म्हणेल, "एवढा वेळ कोन थांबते मालक?" त्याला चावीजवळ उभं करून त्या वाऱ्याचा आवाज एकदा ऐकवा.